मापं ओळीच्या दिशेने घ्या, पडद्याच्या नव्हे

महोदय,

ठाणे जिल्ह्यातल्या संकेतस्थळांना एकाच साच्यात अनेक लिप्या वागवाव्या लागतात. मराठी, हिंदी, इंग्रजी सगळीकडे. मुंब्रा-कौसा आणि भिवंडीत उर्दू. उल्हासनगरात सिंधी, तीही कुठे देवनागरीत तर कुठे उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या लिपीत. शाळा, पतपेढ्या, दवाखाने, गृहनिर्माण संस्था आता आपापली पानं करून घेतात. पण मापं अजून ‘रुंदी’, ‘उंची’, ‘डावं’, ‘उजवं’ अशाच शब्दांत लिहिली जातात. हे शब्द मजकुराला नव्हे, पडद्याच्या काचेला बांधलेले आहेत. भाषा बदलली की पान विस्कटतं ते म्हणूनच. पानं बांधणाऱ्यांनी मापं ओळीच्या दिशेने लिहावीत आणि पानं करून घेणाऱ्यांनी ती तशी मागून घ्यावीत, यासाठी हे पत्र.

ठाणे स्थानकात डबा सांगायच्या दोन रीती आहेत. ‘कल्याणच्या बाजूचा डबा’ म्हटलं की तो फलाटाला बांधलेला. गाडी कुठल्याही दिशेची असो, जागा तीच. ‘पुढचा डबा’ म्हटलं की तो गाडीच्या चालीला बांधलेला. कसाऱ्याच्या गाडीत तो कल्याणकडे, सीएसएमटीच्या गाडीत मुंबईकडे. सीएसएसमधलं (पानाची मांडणी आणि सजावट सांगणाऱ्या भाषेतलं) ‘लेफ्ट’ म्हणजे कल्याणची बाजू, ‘इनलाइन-एंड’ म्हणजे पुढचा डबा आणि ‘इनलाइन-स्टार्ट’ म्हणजे मागचा. मापांचंही तसंच. गाडीची लांबी रुळांच्या दिशेने मोजतात; रूळ उत्तरेला वळले म्हणून पंधरा डब्यांची लांबी ही रुंदी होत नाही. ओळ ज्या दिशेने धावते त्या दिशेचं माप म्हणजे ‘इनलाइन-साइझ’, आणि ओळी एकीपुढे एक जिकडे रचल्या जातात त्या दिशेचं माप म्हणजे ‘ब्लॉक-साइझ’. (ही नावं कोडमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची.) दोघांना किमान आणि कमाल मर्यादाही आहेत: ‘मिन-इनलाइन-साइझ’, ‘मॅक्स-इनलाइन-साइझ’ आणि ब्लॉकच्या तशाच दोन. समासासाठी ‘मार्जिन-इनलाइन’ आणि ‘मार्जिन-ब्लॉक’, आतल्या मोकळ्या जागेसाठी ‘पॅडिंग’ची तशीच जोडी, जागा ठरवण्यासाठी ‘इनसेट-इनलाइन-स्टार्ट’ वगैरे.

हे काही कालचं नवं नाही. लेखनदिशेचं मानक, ‘सीएसएस रायटिंग मोड्स’ची तिसरी पातळी, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध केलं. मापांचे मूळ गुणधर्म क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत २०१९ पर्यंत आले होते आणि दोन्ही बाजू एका ओळीत लिहिण्याची छोटी रूपं २०२१ मध्ये सफारीत आल्यावर शेवटची सबब संपली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो शिकवण्यांमध्येही दिसतो. उर्दूसाठी पान उजवीकडून सुरू केलं म्हणजे ‘इनलाइन-साइझ’ बदलते, असं नाही. उर्दूची ओळ आडवीच असते. तिचं इनलाइन माप म्हणजे रुंदीच. पालटतात त्या फक्त बाजू: कुठला समास आरंभाचा आणि कुठला शेवटचा. इनलाइन आणि ब्लॉक मापांची खरोखर अदलाबदल होते ती मजकूर उभा धावू लागल्यावर, म्हणजे ‘रायटिंग-मोड’ला ‘व्हर्टिकल-आरएल’ किंवा ‘व्हर्टिकल-एलआर’ दिल्यावर. जपानी पुस्तकी मजकूर पहिल्या प्रकारचा, पारंपरिक मंगोल लिपी दुसऱ्या. ऐरोली-महापे किंवा वागळे इस्टेटीत बसून परदेशी ग्राहकांसाठी पानं बांधणाऱ्यांना हे ठाऊक असायलाच हवं. पण उभी ओळ मराठी पानातही येते, आणि सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते: तक्त्यांच्या मथळ्यांत.

मालमत्ता कराच्या दरांचा तक्ता घ्या. सामान्य कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, शिक्षण कर, रोजगार हमी कर, मलनिःसारण लाभ कर, पाणी लाभ कर: सात रकाने, आणि आधी मालमत्तेच्या प्रकाराचा एक. खालच्या घरांत फक्त टक्के, दोन-तीन अंकी. फोनचा पडदा ३६० पिक्सेलचा. मथळे आडवे ठेवले तर ‘मलनिःसारण’ हा एकच शब्द रकान्याला घरातल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त रुंद करतो, आणि तक्ता पडद्याबाहेर जातो. म्हणून बहुतेक जण मथळा ‘ट्रान्सफॉर्म’ने नव्वद अंशांत फिरवतात. हे चुकतं, कारण ट्रान्सफॉर्म फक्त चित्र फिरवतो. मांडणीत त्या मथळ्याने अडवलेली जागा जुनीच राहते. रकाना रुंदच राहतो आणि फिरलेला शब्द खालच्या ओळीवर चढतो. मग हाताने रुंदी ३६ आणि उंची १२० पिक्सेल ठोकून देतात. मराठीत ते जमल्यासारखं दिसतं. इंग्रजी किंवा उर्दू मथळा आला, किंवा कुणी अक्षर मोठं केलं, की शब्द चौकटीबाहेर.

योग्य रीत अशी. मथळ्याच्या घरात, म्हणजे ‘टीएच’मध्ये, एक ‘स्पॅन’, म्हणजे मजकुराच्या तुकड्याभोवतीची खूण, ठेवा. त्याला ‘डिस्प्ले’ ‘इनलाइन-ब्लॉक’, ‘रायटिंग-मोड’ ‘व्हर्टिकल-आरएल’ आणि ‘मॅक्स-इनलाइन-साइझ’ ८ ईएम द्या (एक ईएम म्हणजे चालू अक्षराच्या आकाराएवढं माप). आता उभ्या ओळीची लांबी ८ ईएमच्या वर जाणार नाही. लांब मथळा शेजारी दुसऱ्या ओळीत मोडेल आणि रकाना आपोआप तेवढाच रुंद होईल. १६ पिक्सेलचं अक्षर आणि १.७ ओळ-उंची धरली तर एका ओळीच्या मथळ्याची जाडी २७ पिक्सेल. दोन्हीकडे ४-४ पिक्सेल मोकळे सोडले तर रकाना ३५-३६ पिक्सेलचा. सात रकान्यांना २५० च्या आसपास, आणि पहिल्या रकान्याला शंभरेक पिक्सेल उरतात. मर्यादा थेट ‘टीएच’वर लावू नका. तक्त्याच्या घरावर कमाल मापाचं काय करायचं हे सीएसएसने जुन्या काळापासून मोघम ठेवलं आहे, आणि घराची उंची ही नेहमी किमान उंचीच मानली जाते. स्पॅनवर ती बिनचूक लागते. मर्यादा मुळीच न देणं तितकंच वाईट: आडव्या पानात उभा मजकूर ठेवला की त्याच्या ओळीला थांबायला भिंत नसते, आणि लांब मथळा पडद्याच्या उंचीपर्यंत वाढू शकतो.

त्याच जागी कुणी सवयीने ‘विड्थ’ ८ ईएम लिहिलं तर? उभ्या मजकुरात ते जाडीचं माप ठरतं. रकाना १२८ पिक्सेल रुंद होतो आणि एवढा खटाटोप करून तक्ता पुन्हा पडद्याबाहेर. शब्द एकच चुकतो, पण तक्ता सगळा जातो.

मथळा खालून वर वाचता यावा असं वाटत असेल तर ‘साइडवेज-एलआर’ आहे. २०२५ च्या पहिल्या काही महिन्यांत तो तिन्ही मोठ्या ब्राउझरांत पोचला. जुन्या फोनांसाठी ‘व्हर्टिकल-आरएल’ ठेवून स्पॅन १८० अंशांत फिरवा. अर्ध्या फेऱ्यात चौकटीची मापं बदलत नाहीत, म्हणून इथे ट्रान्सफॉर्म चालतो. ‘टेक्स्ट-ओरिएंटेशन’ला ‘अपराइट’ मात्र मराठीत देऊ नये. त्याने प्रत्येक अक्षर सरळ उभं राहून एकाखाली एक येतं, शिरोरेषा तुटते, आणि जोडाक्षर कुठे तोडायचं याबद्दल प्रोग्रामांचं एकमत नाही; देवनागरी जोडाक्षरं अखंड धरण्याचा नियम युनिकोडमध्येच, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक मानकातच, सप्टेंबर २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आला. दुकानाच्या पाटीवर रंगारी हाताने ‘स्त्री’ अखंड ठेवतो. पडद्यावर तशी खात्री नाही.

आता ब्लॉक दिशेकडे. उर्दू पान करायचंच नसलं तरी मराठी पानाला याची रोज गरज असते. इंग्रजी साच्यातून मराठी पान काढताना बटणाची उंची ३२ पिक्सेल, आत वर-खाली ८-८ पिक्सेल, म्हणजे अक्षराला उरले १६. मराठीत शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार येतात, कधी एकाच अक्षरावर दोन (‘सर्वांनी’), खाली उकार आणि ऋकार लोंबतात. १६ पिक्सेलच्या अक्षराला १.६ ते १.८ ओळ-उंची लागते, म्हणजे साधारण २६ ते २९ पिक्सेल. १६ पिक्सेलच्या फटीत ते मावत नाही, आणि चौकटीला ‘ओव्हरफ्लो’ ‘हिडन’ (बाहेर गेलेलं लपवा) दिलं असेल तर तळचा उकार कापला जातो. ‘मुदत’ या शब्दाचा उकार गेला की ‘मदत’ उरते. कर भरण्याची मुदत सांगणाऱ्या पट्टीवर हे होणं म्हणजे दिसण्यातला बारीकसारीक दोष नव्हे. नागरिकाला चुकीची माहिती दिली गेली. उपाय साधा आहे: मजकूर असलेल्या चौकटीला ठाम ‘हाइट’ कधीच देऊ नये, ‘मिन-ब्लॉक-साइझ’ द्यावी, चौकट मजकुराबरोबर वाढेल. ओळ-उंची पिक्सेलमध्ये नव्हे, नुसत्या आकड्यात लिहावी, म्हणजे अक्षर मोठं केलं की तीही वाढते. उर्दूच्या नस्तालिक वळणात शब्द तिरके उतरत येतात, तिथे १.८ सुद्धा अपुरी, २ किंवा त्याहून जास्त ठेवावी. अक्षरांतलं अंतर वाढवण्याचा मोह देवनागरीत टाळावाच. शिरोरेषेत फटी पडतात.

ओळीची कमाल लांबी ठरवताना ‘सीएच’ हे एकक मराठीत फसवं आहे. ते फॉण्टमधल्या शून्याच्या रुंदीवर चालतं, आणि फॉण्टांच्या यादीत रोमन फॉण्ट पहिला असेल तर शून्य त्याचं मोजलं जातं. मराठी मजकूर दुसऱ्याच फॉण्टात, मोजपट्टी पहिल्याची. मराठीसाठी ‘मॅक्स-इनलाइन-साइझ’ ईएममध्ये द्यावी. ३२ ते ३६ ईएम आम्हाला वाचायला सोयीची वाटते. मूळ खुणेत ‘लँग’ला ‘एमआर’ हा मराठीचा भाषासंकेत लिहायला विसरू नये, म्हणजे ज्या फॉण्टात सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात.

जुनं पान बदलायला घेतल्यावर पहिला मोह होतो तो सगळीकडे ‘विड्थ’ शोधून ‘इनलाइन-साइझ’ घालण्याचा. तसं करू नये. मीडिया क्वेरीत, म्हणजे पडद्याच्या मापावर मांडणी बदलणाऱ्या अटीत, ‘मिन-विड्थ’च चालतं, तिथे ओळीच्या दिशेचा पर्यायच नाही. शोधा-बदला केलंत की ती अट ब्राउझरला कळत नाही, खोटी धरली जाते, आणि मोठ्या पडद्यावरही फोनचीच मांडणी राहते. ‘बॉर्डर-विड्थ’चं ‘बॉर्डर-इनलाइन-साइझ’ झालं तर अशी गोष्ट अस्तित्वातच नसल्याने ओळ सोडून दिली जाते, रेघ मूळच्या ‘मीडियम’ जाडीवर येते, आणि १ पिक्सेलच्या जागी बहुतेक ठिकाणी ३ पिक्सेलची काळी चौकट दिसते. चौकटीच्या मापावर मांडणी ठरवायची असेल तर कंटेनर क्वेरी वापराव्यात. तिथे ‘कंटेनर-टाइप’ला ‘इनलाइन-साइझ’ देता येतं आणि अटीतही तेच माप चालतं. फेब्रुवारी २०२३ पासून हे तिन्ही मोठ्या ब्राउझरांत आहे.

काळजी म्हणून जुनं आणि नवं दोन्ही लिहिण्याची पद्धत होती. आता ती घातक आहे. ‘मार्जिन-लेफ्ट’ १६ आणि खाली ‘मार्जिन-इनलाइन-स्टार्ट’ १६: मराठीत दोन्ही एकाच बाजूला पडतात, काही कळत नाही. उर्दूत दुसरा समास उजवीकडे जातो, पहिला डावीकडे राहतो, आणि मजकूर दोन्हीकडून चेपला जातो. ‘मॅक्स-विड्थ’ आणि ‘मॅक्स-इनलाइन-साइझ’ यांचंही असंच. आडव्या ओळीत ते एकाच मापासाठी भांडतात आणि, वजन सारखं असेल तर, नंतर लिहिलेलं जिंकतं. उभ्या ओळीत दोघं दोन दिशांना लागू होतात. असा उरलेला जुना नियम वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो.

काही गोष्टींना ओळीची दिशा कळतच नाही: सावलीचं अंतर, ‘ट्रान्सलेट-एक्स’, ‘टू राइट’ असा रंगांचा उतार, चार आकड्यांत लिहिलेलं ‘मार्जिन’. चौकट मध्यावर आणायची ती प्रसिद्ध युक्ती, ‘लेफ्ट’ ५० टक्के आणि उणे ५० टक्के सरकवणे, जशीच्या तशी ठेवली तर दोन्ही दिशांना चालते. पण ‘लेफ्ट’च्या जागी ‘इनसेट-इनलाइन-स्टार्ट’ घातलं आणि सरकवणं तसंच राहिलं, तर उर्दू पानावर चौकट मध्यापासून स्वतःच्या पूर्ण रुंदीएवढी डावीकडे जाते. त्याऐवजी ‘इनसेट-इनलाइन’ शून्य, ‘मार्जिन-इनलाइन’ ऑटो आणि ‘इनलाइन-साइझ’ ‘फिट-कंटेंट’ असं लिहावं.

बूटस्ट्रॅप हा तयार सीएसएसचा संच वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी समासांची ‘एमएल’, ‘एमआर’ (डावा, उजवा) ही नावं बदलून ‘एमएस’, ‘एमई’ (आरंभाचा, शेवटचा) केली, त्यामुळे दिशेचं काम झालं असं वाटतं. नेहमीच्या फाइलमध्ये त्या नावांमागे अजून डावं-उजवंच आहे. उर्दू पानासाठी त्यांची वेगळी आरटीएल (उजवीकडून डावीकडे) फाइल जोडावी लागते. सरकत्या चित्रपट्ट्या बिघडतात त्या जावास्क्रिप्टमुळे: उजवीकडून सुरू होणाऱ्या पानात ‘स्क्रोल-लेफ्ट’ शून्यापासून सुरू होऊन उणे आकड्यांत जातं, आणि ‘शून्याहून मोठं असेल तर’ अशी अट कधीच पुरी होत नाही. चौकटीचं माप कळायला ‘रिसाइझ-ऑब्झर्व्हर’ वापरला तर तो इनलाइन आणि ब्लॉक मापं थेट देतो.

सगळंच बदला, असं मात्र नाही. बोधचिन्ह, नकाशा, छायाचित्र यांची मापं त्या वस्तूची असतात. ती रुंदी-उंचीतच राहू द्यावीत. दिशा नेहमी एचटीएमएलच्या ‘डीआयआर’मध्ये लिहावी, सीएसएसमध्ये नव्हे, कारण सजावटीची फाइल पोचली नाही तरी वाक्याचा क्रम बरोबर राहायला हवा. उर्दू पानातल्या दूरध्वनीच्या रकान्याला डावीकडून उजवीकडे अशी स्वतंत्र दिशा द्यावी. वाक्यात येणारी दुसऱ्या लिपीतली नावं ‘बीडीआय’ खुणेत ठेवावीत, नाहीतर कंस आणि आकडे भलतीकडे जाऊन बसतात.

पान करून घेणाऱ्यांनी तपासायचं कसं? उर्दू यायची गरज नाही. संगणकावर पान उघडून एफ-१२ दाबा, सगळ्यात वरच्या ‘एचटीएमएल’ खुणेत ‘डीआयआर’ बरोबर ‘आरटीएल’ असं लिहा. जे मजकुरासोबत पलीकडे गेलं नाही, ते काचेला बांधलेलं आहे. मग अक्षर २०० टक्के करा आणि एकही उकार कापला जात नाही ना ते पाहा. शेवटी खिडकी ३२० पिक्सेलपर्यंत अरुंद करा. तक्ते आणि नकाशे सोडून कुठेही आडवं सरकवावं लागू नये. ही दोन मापं आमची नव्हेत, सुलभतेच्या जागतिक निकषांतली, डब्ल्यूसीएजीमधली आहेत. हा निकषही ओळीची दिशा पाहतो: खाली सरकणाऱ्या मजकुराला ३२० पिक्सेल रुंदी, तर आडव्या सरकणाऱ्या, म्हणजे उभ्या ओळींच्या मजकुराला २५६ पिक्सेल उंची.

शासकीय संकेतस्थळांसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना याच निकषांवर उभ्या आहेत, पण निविदेत त्यांचं नुसतं नाव असतं. जिल्ह्यातल्या स्थानिक संस्थांनी आणि शाळांनी कामाच्या करारात पुढचा मजकूर शब्दशः घालावा, अशी आमची विनंती आहे: “मजकुराशी संबंधित सर्व मापं, समास आणि जागा ओळीच्या दिशेच्या गुणधर्मांत लिहिलेल्या असाव्यात. मजकूर असलेल्या कोणत्याही चौकटीला ठाम उंची नसावी. प्रत्येक प्रकारचं एक पान दिशा पालटून, अक्षर दुप्पट करून आणि ३२० पिक्सेल रुंदीत दाखवल्यावरच शेवटचा हप्ता दिला जाईल.” ठेकेदाराला यात जास्तीचा खर्च नाही; सीएसएस तपासणाऱ्या स्टाइललिंट या साधनात ‘मार्जिन-लेफ्ट’, ‘पॅडिंग-राइट’ यांसारखे गुणधर्म बंदीच्या यादीत टाकले की चूक लिहिताक्षणीच पकडली जाते.

पान आधीच चालू असेल तर सगळं एकदम उलथू नये. आधी ठाम उंच्या काढाव्यात, कारण त्याने मराठी वाचकाचा त्रास त्याच दिवशी कमी होतो. मग समास आणि जागा, एका वेळी एक घटक घेऊन, जुनी ओळ पुसून. तक्त्यांचे मथळे त्यानंतर. पानांपैकी कराचा भरणा, शाळाप्रवेश आणि दवाखान्याची वेळ घेण्याचे अर्ज सगळ्यात आधी याच क्रमाने हाती घ्यावेत.

— ठाणे व ऐरोली येथील काही वेब-रचनाकार